दहा मिनिटांवर विमानतळ

नागपुरात हुडकेश्वरचा प्लॉट मी एका रंगीत पत्रकाच्या भरवशावर घेतला. साल 2004. पत्रकाच्या मागच्या बाजूला नकाशा होता. मधोमध आमचं ले-आऊट, सूर्यासारखं पिवळंजर्द. आणि भोवती रेल्वे स्टेशन, मेडिकल, सक्करदरा, प्रस्तावित मिहान, विमानतळ असे सगळे ग्रह. सूर्यापासून प्रत्येक ग्रहाकडे एक सरळ बाण गेलेला आणि बाणावर मिनिटं लिहिलेली. मेडिकल 8 मिनिटं. स्टेशन 15 मिनिटं. विमानतळ 10 मिनिटं. प्रत्यक्ष जागेवर तेव्हा तुरीचं शेत होतं. धुऱ्याला धरून चुन्याची फक्की मारलेली आणि तिथवर जायला एक पांदण. ती पावसाळ्यात चिखलामुळे चालता यायची नाही आणि उन्हाळ्यात धुळीमुळे दिसायची नाही.

प्लॉट दाखवायला आलेल्या माणसाला मी विचारलं, "विमानतळ दहा मिनिटं म्हणजे कशानं?"

तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "इमानानं सांगतो, भाऊ."

मी त्याच्या इमानावर विश्वास ठेवला आणि बयाणा दिला. तो विमानाबद्दल बोलत होता हे मला घर बांधून झाल्यावर कळलं.

त्याचं काही खोटं नव्हतं. आमच्या गच्चीवर कुरडया वाळत घालताना पश्चिमेला पाहिलं, तर सोनेगावला उतरणारं विमान स्वच्छ दिसतं. कावळ्याला विचाराल तर मध्ये सात-आठ किलोमीटर असतील. पण कावळ्याला चौक लागत नाहीत. आम्हाला म्हाळगीनगर लागतं, मानेवाडा लागतं, ओंकारनगर, शताब्दी, नरेंद्रनगर लागतं. नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पावसाळ्यात पाणी लागतं, मग छत्रपती चौक लागतो आणि तिथून वर्धा रोड. त्या वर्धा रोडवर आता खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो अशी तीन मजली व्यवस्था आहे. हा दुमजली पूल 3.14 किलोमीटर लांब असून त्याची गिनेस बुकात नोंद आहे. शाळेत ही संख्या आम्हाला वर्तुळासाठी शिकवली होती. नागपुरात ती सरळ रस्त्याची निघाली. अर्थात गाडी घेऊन छत्रपती चौकात उभं राहिलं की वर्तुळाचीही आठवण येतेच.

'दहा मिनिटं' हा आमच्याकडे एक प्रकारचा रामराम आहे. समोरच्यानं तो घ्यायचा, मोजायचा नाही. नागपुरात अंतर विचारलं तर वेळ सांगतात आणि वेळ विचारली तर 'निघालोच' सांगतात. 'निघालोच' म्हणणारा माणूस आंघोळीला निघालेला असू शकतो. मी स्वतः अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत 'मानेवाडा चौकात आहे' असं सांगितलेलं आहे. त्यामुळे त्या प्लॉटवाल्यावर माझा राग नाही. त्यानं नागपूरकर म्हणून रामराम केला होता, मी गणित म्हणून घेतला.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमचे अमरावतीचे भाऊजी.

भाऊजी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म त्यांनी स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागे काढला, त्यामुळे अजूनही घरात कुणी बाहेर निघालं की वहीत नोंद करतील असं वाटतं. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं आणि टप्पा सहा किलोमीटरचा. भाऊजींच्या डोक्यात अख्खा विदर्भ टप्प्यांत बसवलेला आहे. हुडकेश्वर ते विमानतळ हे अंतर ते 'दोन टप्पे' असं सांगतात, आणि खरं म्हणजे तेच एक बरोबर सांगतात.

एप्रिल 2025 मध्ये त्यांचा फोन आला. आवाजात मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही ऐकली नव्हती अशी थरथर होती.

"बापू, बेलोऱ्याले इमान आलं!"

आता या वाक्यामागचा इतिहास सांगायला हवा. अमरावतीला कोणतीही गोष्ट थेट येत नाही. ती आधी बडनेऱ्यापर्यंत येते आणि तिथे थबकते. इंग्रजांनी मुंबई-नागपूर रेल्वे टाकली ती बडनेऱ्यावरून गेली. अमरावतीला मागाहून एक फाटा मिळाला. विमानतळ झाला तोही बडनेऱ्यापलीकडे यवतमाळच्या रस्त्यावर, बेलोऱ्याला. 1992 साली तिथे धावपट्टी झाली. मग पुढारी आले, पाहणी झाली. पुन्हा पुढारी आले, पुन्हा पाहणी झाली. धावपट्टी लांब करायचं ठरलं आणि ती वाढून 1,850 मीटर झाली. अखेर 16 एप्रिल 2025 ला मुंबईहून पहिलं प्रवासी विमान उतरलं, अलायन्स एअरचं एटीआर-72. म्हणजे मुंबई-अमरावती हा पहिला प्रवास तेहेतीस वर्षांचा झाला. एवढा उशीर महाराष्ट्र एक्स्प्रेसलाही कधी झालेला नाही, आणि मी हे वाक्य विचार करून लिहितो आहे.

"अभिनंदन भाऊजी," मी म्हणालो.

"अभिनंदन ठेव बाजूले. मी काय म्हन्तो, मे महिन्यात गोंद्याले लगन हाय न?"

होतं. धाकट्या बहिणीच्या मुलीचं. ताई अमरावतीला, धाकटी गोंदियाला आणि मी मधे, अशी आमची तीन भावंडं पूर्व-पश्चिम एका रेषेत मांडलेली आहेत.

"गोंद्यालेही इमानतय हाय न, बिरसीले?"

"आहे."

"मंग झालं तं! बेलोऱ्याले बसाचं, बिरसीले उतराचं, अन् मांडवात जाऊन पंगतीले बसाचं. तुया तायीले इमानात बसवाचं राह्यलं हाय."

ताईनं मागून ओरडून सांगितलं की तिला कुठेही बसायचं राहिलेलं नाही. पण भाऊजींनी फोनवर हात ठेवला असावा.

माझा मुलगा पुण्याला असतो. त्याला फोन केला. त्यानं दोन्ही विमानतळांची नावं मोबाईलमध्ये टाकली आणि दहा सेकंदांत सांगितलं, "बाबा, सरळ रेषेत दोनशे ऐंशी किलोमीटर. छोट्या विमानाचा वेग ताशी पाचशे धरला तर पस्तीस मिनिटं."

मी तसंच भाऊजींना कळवलं. इथे माझी चूक झाली. 'विमान आहे का' हे मी विचारलंच नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. पस्तीस मिनिटं हा आकडा भाऊजींच्या डोक्यात पत्रकावरच्या बाणासारखा घुसला. संध्याकाळपर्यंत तो राजापेठेपासून बडनेऱ्यापर्यंत सगळ्या ओळखीच्यांत पोचला. "पस्तीस मिनिटं! आमच्या टायमाले बडनेऱ्याचं फाटक येवढा वेळ बंद राहे!"

मी गंमत म्हणून नकाशा काढून पाहिला. बेलोरा ते सोनेगाव, सरळ रेषेत एकशे चाळीसेक किलोमीटर. सोनेगाव ते बिरसी, पुन्हा जवळपास तेवढेच. नागपूर दोघांच्या अगदी मध्यात. एखाद्यानं तागडी धरावी आणि दांडीचा काटा नागपुरात यावा, इतकं नेमकं. मला फार भरून आलं. आम्हा नागपूरकरांना आपण कशाच्या तरी मध्यावर आहोत हे कळलं की भरून येतं. आम्ही देशाच्या मध्यावर आहोत हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला झिरो माईलचा दगडी खांब दाखवून सांगतो. चार घोडे, एक खांब, आणि बाजूला 1907 सालचा मोजणीचा दगड. त्या खांबावर जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतुल, हैदराबाद अशा गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. त्यातल्या हैदराबादचं कोडं मला लहानपणापासून होतं. एवढं लांबचं गाव इथे कशाला? ते कोडं या लग्नानं सुटलं.

कारण दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. "बाबा, थेट विमान नाही. पण जाता येतं."

"कसं?"

"बेलोऱ्याहून मुंबई. मुंबईहून हैदराबाद. हैदराबादहून गोंदिया."

बिरसीचा विमानतळ हा बेलोऱ्यापेक्षा मुरलेला. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी तिथे धावपट्टी केली. युद्ध संपलं, इंग्रज गेले, धावपट्टी धानाच्या बांध्यांमध्ये पडून राहिली. प्रवासी विमान यायला मार्च 2022 उजाडला. इंदूर-गोंदिया-हैदराबाद असं एक छोटं विमान सुरू झालं आणि थोड्या महिन्यांत बंद पडलं. मग 1 डिसेंबर 2023 पासून इंडिगोनं हैदराबादचं विमान सुरू केलं. तेव्हा भाऊजींना गोंदियाला आणायचं तर पूर्वेला तोंड करून बसलेल्या माणसाला आधी पश्चिमेला समुद्रापर्यंत न्यायचं, तिथून दक्षिणेला निजामाच्या राज्यात आणि मग उत्तरेकडे वळवून धानाच्या शेतात उतरवायचं. त्या खांबावर हैदराबाद कोरणाऱ्याला गोंदियाला कसं जावं लागेल हे शंभर वर्षं आधी ठाऊक असलं पाहिजे.

मी हिशोब मांडला. बेलोरा-मुंबई साडेपाचशेला थोडे कमी, मुंबई-हैदराबाद सव्वासहाशे, हैदराबाद-गोंदिया पाचशेच्या वर. एकूण सुमारे 1,680 किलोमीटर. भाऊजींना फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग त्यांनी टप्पे पाडले.

"दोनशे ऐंशी टप्पे."

अंतर दोनशे ऐंशी किलोमीटर आणि टप्पे दोनशे ऐंशी. माझ्या आयुष्यात इतका सुबक बसलेला दुसरा हिशोब नाही.

"अन् वेळ?"

वेळ सांगणं अवघड होतं. बेलोऱ्याचं विमान रोज नव्हतं, आठवड्यातून तीन दिवस. ते तिसऱ्या प्रहरी निघून पावणेदोन तासांनी मुंबईला पोचवायचं. तिथून रात्री हैदराबाद. हैदराबादला मुक्काम. दुसऱ्या दिवशी गोंदिया. आणि हे सगळे दुवे एकमेकांत अडकले तर. एक जरी सुटला तर भाऊजी आणि ताई हैदराबादच्या विमानतळावर हळदीच्या साडीचोळीसकट बसून राहणार आणि इकडे अक्षता पडणार.

"म्हन्जे मंगळवारी बसलो तं..."

"मंगळवारी विमान नाही, भाऊजी."

"बरं, बुधवारी बसलो तं गुरुवारी पोचन. भाडं?"

मी भाडं सांगितलं. ते इथे लिहीत नाही, कारण मे महिन्यातली भाडी तासातासाला बदलतात आणि मी सांगितलेलं फोन ठेवेपर्यंत वाढलं होतं. भाऊजींनी शांतपणे विचारलं, "तुले माहीत हाय न, मले एसटीत किती लागते?"

माहीत होतं. भाऊजी शहात्तर वर्षांचे. पंच्याहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट. 2022 पासून अमृत ज्येष्ठ नागरिक अशी ती योजना आहे. ताईला बाई म्हणून अर्धं तिकीट. म्हणजे अमरावती-गोंदिया हा सव्वातीनशे किलोमीटरचा रस्ता भाऊजींना शून्य रुपयांत पडतो. शून्याशी स्पर्धा करणारं विमान अजून निघालेलं नाही.

त्यांना थोडं बरं वाटावं म्हणून मी इतिहास सांगितला. म्हटलं भाऊजी, एके काळी नागपूर हाच देशाच्या विमानांचा स्टँड होता. जानेवारी 1949 मध्ये रात्रीची टपाल विमानं सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही गावांहून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चौघंही सोनेगावला जमायची. मुंबईच्या थैल्या कलकत्त्याच्या विमानात, दिल्लीच्या मद्रासच्या विमानात. अदलाबदल झाली की पहाटे जो तो आपापल्या गावाला परत. थोडे प्रवासीही असायचे. मुंबईला रात्री पेटीत टाकलेलं पाकीट सकाळी कलकत्त्याला.

"म्हन्जे फेऱ्या जुळवल्या होत्या," भाऊजी म्हणाले. वाहतूक नियंत्रकाच्या तोंडून ही सर्वोच्च दाद असते. "चारी गाड्या एका टायमाले स्टँडवर. मस्त! मंग आता काऊन नाही?"

"आता विमानं थेट जातात. दिल्ली-चेन्नई, मुंबई-कोलकाता, सगळी आमच्या डोक्यावरूनच जातात. उतरत नाहीत."

"पाकिटाले माणसापेक्षा चांगलं वागवत होते म्हना."

मग बराच विचार करून ते म्हणाले, "किस्नानं रुक्मिणीले आमच्या अंबादेवीच्या देवळातून उचललं अन् सरळ द्वारकेले नेलं. त्याले काही मुंबईले बदलावं लागलं नाही."

मी मान्य केलं. शिवाय तो रथ रोजचा होता की आठवड्यातून तीन दिवसांचा, हा प्रश्नही त्याला पडला नाही.

शेवटी ठरलं ते आधीपासून ठरल्यासारखंच होतं. विदर्भ एक्स्प्रेस. मुंबईहून संध्याकाळी निघते, पहाटे बडनेऱ्याला येते, नऊच्या सुमारास नागपूर आणि त्यानंतर अडीचेक तासांत गोंदिया. बडनेरा ते गोंदिया एकच गाडी, बदलायची नाही, उतरायचं नाही. बेलोरा बडनेऱ्याच्या शेजारी, बिरसी गोंदियाच्या शेजारी, आणि दोघांना जोडणारी गाडी कित्येक वर्षं रोज धावते आहे. आणि जो रस्ता विमानाला जमत नाही तो या गाडीला पाठ आहे. मी नागपूरला चढायचं, त्याच डब्यात. बायको तीन दिवस आधीच पापड-कुरडयांचा डबा घेऊन धाकटीकडे गेली होती. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा.

आता माझी बाजू सांगतो. आदल्या रात्री भाऊजींचा फोन आला. "बापू, आमी साडेचारले घरून निघतो. तू किती वाजता निघशीन?"

"भाऊजी, हुडकेश्वरहून स्टेशन नऊ किलोमीटर. साडेआठला निघालो तरी चालेल."

"दीड टप्पा," ते म्हणाले. "आठले निघ."

मी हसलो. नागपूरच्या माणसाला अमरावतीच्या माणसानं नागपूरची वेळ शिकवावी!

सकाळी आठ वीसला मोबाईलवर टॅक्सी बोलावली. पडद्यावर ड्रायव्हरचं चिमुकलं वाहन दिघोरीकडून आमच्याकडे सरकताना दिसलं. त्याला फोन केला. "कुठं आहे रे बावा?"

"आलोच काकाजी, दहा मिनिटं."

मी हे शब्द ऐकले. वीस वर्षं मी या शब्दांच्या प्लॉटवर राहतो आहे. तरी मी ते मोजले. दहा मिनिटांनी ते वाहन पडद्यावर उलट्या दिशेला तोंड करून उभं होतं. पुन्हा पाच मिनिटांनी ते पडद्यावरून गेलं. माझी फेरी रद्द झाली होती. मग मी बॅग घेऊन हुडकेश्वर रोडवर आलो. ऑटो मिळाला. त्याला म्हटलं, स्टेशन, नऊची गाडी आहे. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "होऊन जाते न, बसा."

म्हाळगीनगर चौकात वरात. सकाळी पावणेनऊला, मे महिन्याच्या उन्हात, बँडसह. नवरदेव घोड्यावर, घोड्याच्या अंगावर झूल, आणि त्या दोघांत घोडा जास्त समजूतदार दिसत होता. तुकडोजी पुतळ्यापाशी रस्ता खणलेला. मेडिकल चौकात नेहमीचं मेडिकल चौकाचं. ऑटोवाला बिचारा गल्लीबोळातून काढत होता आणि मला धीर देत होता. 'गाडी लेट असते काकाजी,' 'विदर्भ तं रोजच लेट असते,' 'तुमी उगाच टेन्शन घेऊन रायले.' मलाही तेच वाटत होतं. जन्मभर या गाडीच्या उशिराच्या नावानं मी बोटं मोडली. आज तो उशीर माझ्या उपयोगी पडेल अशी आशा होती.

त्या दिवशी गाडी वेळेवर आली.

मी पुलावरून धावत उतरलो तेव्हा शेवटचा डबा फलाटाबाहेर पडत होता. खिडकीतून भाऊजींचा हात बाहेर आलेला दिसला. हातात घड्याळ होतं आणि त्यांनी ते मला दाखवलं. जन्मभर ड्रायव्हर-कंडक्टरांना दाखवलं तसं.

गणेशपेठच्या स्टँडवर गेलो. गोंदियाची एसटी लागलेली होती. निघायला पाऊण तास. वाहक म्हणाला, पासष्टच्या वर असाल तर अर्धं तिकीट, आधार दाखवा. मी सहासष्टचा. आधार घरी. हुडकेश्वरला.

मग भंडारा. वैनगंगेचा पूल. लाखनी. साकोलीला वीस मिनिटं थांबा. तिथे मी चहा घेतला आणि त्याच वेळी गोंदियात मंगलाष्टकं चालू होती. ती मी मुलाच्या मोबाईलवरून ऐकली. पुण्याहून तो विमानानं नागपूरला येऊन पुढे मित्राच्या गाडीनं वेळेवर पोचला होता. त्यानं फोन उंच धरला. पण साकोली स्टँडवर तुमसरची गाडी लागल्याची घोषणा सुरू झाली, त्यामुळे 'शुभमंगल' आणि 'फलाट क्रमांक दोन' हे मला एकत्र ऐकू आलं. मी स्टँडवरच दोन दाणे तांदूळ शोधले. मिळाले नाहीत. समोरच्या टपरीवाल्याकडून चिमूटभर पोहे घेतले आणि गोंदियाच्या दिशेनं टाकले. दिशा बरोबर होती, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

कोहमारा, गोरेगाव करत दोन वाजून गेल्यावर मांडवात पोचलो. सहा फुटी कुलरसमोरची सगळी जागा वरपक्षानं धरली होती. पंगत उठत आली होती. वडाभात संपला होता, मठ्ठा होता. भाऊजी पाटावर बसून पान लावत होते. त्यांनी वर पाहिलं.

"आलास? अमरावतीवरून आलो आमी, साडेअकराले. तू कोठून आला?"

"हुडकेश्वरहून."

"लय दूर हाय बा," ते म्हणाले, आणि त्यांनी पान तोंडात टाकलं.

ताईनं माझ्यासाठी दोन वडे झाकून ठेवले होते. मोठ्या बहिणीला भावाचा उशीर किती वड्यांचा असतो हे बरोबर कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी हट्ट धरला, बिरसी पाहायचं. विमानात बसलो नाही तर नाही, पण 'स्टँड' तरी पाहून येऊ. जावयाच्या भावानं गाडी काढली. रस्त्याच्या दोन्ही अंगाला रिकाम्या बांध्या, मध्येच एखादा तलाव, आणि एकदम लांबच लांब कुंपण. आत धावपट्टी उन्हात थरथरत होती. भाऊजी कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभे राहिले. जाळीमागे उभं राहण्याची सवय, फक्त बाजू बदललेली.

तेवढ्यात एक इवलंसं विमान घरघर करत धावपट्टीवर आलं, धावलं, उडालं. भाऊजींनी आपसूक घड्याळ पाहिलं. विमान वर गेलं, डावीकडे वळलं, पुन्हा वळलं, मोठी चक्कर मारून परत आलं आणि उडालं होतं तिथेच उतरलं. टेकलं न टेकलं की पुन्हा उडालं. असं तीनदा.

"हे कोठं चाललं?" भाऊजींनी तिथल्या शेळ्या चारणाऱ्या पोराला विचारलं.

"कोठीच नाही. शिकाऊ आहे. दिवसभर असंच करते."

बिरसीला वैमानिक घडवणारी शाळा आहे. बेलोऱ्यालाही तशीच शाळा काढायचं तेव्हा ठरलेलं होतं. म्हणजे भाऊजींच्या रेषेच्या दोन्ही टोकांना विमानं आहेत, वैमानिक आहेत, धावपट्ट्या आहेत. आणि ती सगळी आपापल्या अंगणात फेर धरून आहेत.

भाऊजींनी चौथी फेरी पूर्ण होऊ दिली. मग खिशातून डायरी काढून काहीतरी लिहिलं. मी डोकावलो. एका रकान्यात सुटल्याची वेळ होती, एका रकान्यात आल्याची, आणि शेवटी शेरा : 'वेळेवर'.

परतताना त्यांनी आग्रहानं मलाही विदर्भ एक्स्प्रेसनंच नेलं. मी नागपूरला उतरलो, ते पुढे गेले. रात्री बडनेऱ्याहून अमरावतीच्या घरी पोचल्यावर त्यांनी मला फोन केला. मी तेव्हा मेडिकल चौकात होतो. खराखुरा होतो. त्यांनी विश्वास ठेवला नाही.

त्या प्लॉटवाल्याचं ते पत्रक मी अजून जपून ठेवलं आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या जागेवर भाऊजींनी पेन्सिलनं माझ्यासाठी दुरुस्ती करून दिली आहे : स्टेशन दीड टप्पा, विमानतळ दोन टप्पे, बिरसी व्हाया हैदराबाद दोनशे ऐंशी. मिनिटांचा रकाना त्यांनी खोडून टाकला.

तुम्हाला आमच्याकडे यायचं असेल तर म्हाळगीनगर चौकात उतरा आणि फोन करा. पुढचा रस्ता सांगून कळण्यासारखा नाही. मीच घ्यायला येतो. दहा मिनिटांत.